पायथ्याचा दगड

"कळस राहू दे गं. पायथा दाखव," आण्णा फोनवरून म्हणाले.

शिकायला जर्मनीत आलेल्या वैजयंताने शनिवारी सकाळची गाडी पकडून हे जुनं शहर गाठलं होतं. तिथलं सातशे वर्षांचं उंच चर्च बघितल्या बघितल्या तिने गावाकडे वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी जन्मभर पाटे-वरवंटे घडवले होते.

तिने फोन खालच्या दगडाजवळ धरला. आण्णांनी डोळे बारीक करून छिन्नीचे घाव न्याहाळले.

"उलटे पडलेत घाव. गडी डावखुरा होता, माझ्यासारखाच."

वैजयंताने मान वर करून पाहिलं. एवढी आभाळाला टेकलेली भिंत एकदम माणसाएवढी झाली.

"काम बेस झालंय म्हणावं त्याला."

तिने दगडावर तळहात टेकवला आणि मराठीतच सांगितलं.