पाठीमागची बाहुली

शिंपीणबाईंना लहानपणी बागेतल्या बाकाखाली एका हाताची बाहुली सापडली होती. एक मुलगी रडत रडत ती शोधायला आली, तेव्हा त्यांनी बाहुली पाठीमागे लपवून चक्क “मी नाही पाहिली” म्हणून सांगितलं. आता त्याच बाहुलीशी त्यांची लेक खेळायची आणि दुकानात कुणी बाहुलीकडे बघितलं की बाईंचा जीव खालीवर व्हायचा. परवा ड्रेस शिवायला टाकताना एक मॅडम बाहुलीकडे टक लावून बघतच राहिल्या. तेव्हापासून बाईंच्या हातून मशीनच्या दोन सुया मोडल्या होत्या. आज ड्रेस न्यायला आलेल्या मॅडमनी तो न बघताच मूठ उघडली. आत प्लास्टिकचा इवलासा हात होता. लेक उसळली, “आई, आपल्या बाहुलीचा हात यांनी चोरला!” “चोरला नाही गं, सांभाळला,” बाई कशाबशा म्हणाल्या. “बाहुली मी चोरली.” मॅडमनी बाहुलीसाठी हात पुढे केला. लेकीनं ती झटकन पाठीमागे लपवली.