लाल उजेड

लेकाचं आज ऑपरेशन, म्हणून एथेल उजाडायच्या आत दगडी कमानीपाशी आली. तिच्या नवाहो जमातीची माणसं या कमानीखालून जात नाहीत. अलीकडेच थांबून, उगवतीकडे तोंड करून मक्याचे पराग उधळतात आणि मागणं मागतात. आज एक फोटोवाला बिनदिक्कत खालून पलीकडे जाऊन तिच्याच दिशेनं कॅमेरा रोखून उभा होता.

"बाई, सरका की बाजूला! दगड लाल झालाय, हा रंग टिकत नाही. मला निर्जन जागेचा फोटो हवाय."

"मलाही हाच उजेड लागतो. तिकडे पोराचं पोट फाडतायत."

"मग राहा उभ्या. कॉम्प्युटरवर पुसून टाकीन तुम्हाला."

एथेलची परागांची मूठ तशीच मिटलेली राहिली.

"मला पुसशील रे तू. पण सूर्याकडे बघितलं की मधे तूच दिसतोस. तुला मी कशानं पुसू?"