मयतीचा ढोल

ढोल थांबला, आणि थोड्याच वेळात जंगलातून माणसं येऊ लागली. पुरुषांच्या खांद्यावर लाकडं, बायकांच्या डोक्यावर तांदळाच्या टोपल्या.

चंद्रपूरच्या 'कोळसा' बँडचा गिटारवाला प्रफुल आधी खूश झाला. रेकॉर्डिंग बघायला आले असतील, असं त्याला वाटलं. एटापल्लीपलीकडच्या या गावात दुसरी करमणूक तरी कोणती? मग त्याचं लक्ष ढोलवाल्या लालसूकडे गेलं. तो मान खाली घालून उभा होता.

"मयतीचा ताल हाये, सांगतलो होतो तुले," लालसू म्हणाला. "मरण झाल्याबिगर नाई वाजवत."

सांगितलं होतं खरं. पण लग्नाचा ऐकला, शिकारीचा ऐकला, प्रफुलचं मन भरेना. मुंबईच्या कंपनीला गिटार आणि ढोलाच्या या प्रयोगाच्या अल्बमसाठी कुणी कधी न ऐकलेलं काहीतरी हवं होतं. ते मिळालं की लंडन, बर्लिन, टोकियो. जगभरचा दौरा, आणि लालसूही सोबत. त्याचा पासपोर्टसुद्धा झाला होता. "हळू वाजव ना," एवढंच प्रफुल म्हणाला होता. मयतीचा ताल हळू वाजत असता तर काय हवं होतं!

गावचा भूमिया, म्हणजे गावप्रमुख, म्हातारा चैतू, पुढे आला.

"कोण मेलं?"

"कोणी नाई भाऊ," प्रफुल घाईने म्हणाला. "रेकॉर्डिंग करून राह्यलो होतो. गलती झाली. सांगा ना यांले, वापस जा म्हणून."

चैतू चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे समजावू लागला.

"इथी फोन नाई. ढोल वाजला का नदीपल्याडचा माणूस हातचं काम टाकून येते. आज हे खोटं निंघालं, अन् उद्या माही बुढी मेली, तं हे म्हणतीन, गाणे भरून राह्यले असतीन. कोण येईन मंग?" तो लालसूकडे वळला. "वाजवला तू. आता नाव दे. कोणाचंबी चालन. पाव्हण्याचंबी."

ज्याचं नाव घेऊन बाया रडतात, तो गावाच्या लेखी मेला. मग तो समोर उभा का असेना.

लालसूनं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलचं काय जाणार होतं? उद्या जीपमध्ये बसून तो निघून जाणार होता. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वासही नव्हता. तरी जीभ उचलेना. तो खाली वाकला आणि माइकची वायर गुंडाळू लागला.

"माहं नाव घ्या," लालसू म्हणाला.

त्याची बायको बुधरी घराच्या दारातच उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, खाली बसली आणि त्याचं नाव घेऊन रडू लागली. ते रडणं खोटं नव्हतं. बाकीच्या बाया तिला धरून बसल्या. प्रफुलला स्वतःची लाज वाटली, पण आता बोलून उपयोग नव्हता.

मयतीला आलेला माणूस उपाशी जात नाही. आणलेल्या तांदळाचा भात शिजला, सगळे ओळीनं बसले. बुधरी पळसाची पानं घेऊन वाढायला आली. प्रफुलसमोर तिनं पान मांडलं, भात वाढला.

"जेव दादा," ती म्हणाली.

त्याच्या शेजारी लालसू बसला होता. त्याच्यासमोरून ती पुढे गेली आणि पलीकडच्या माणसाला पान मांडलं.