मांजराच्या वाटेचं दार

विस्तार अधिकाऱ्यांनी कुलूप नवं कोरं आणलं होतं. शाळा बंद करायची असली की सरकारला कुलूप बरोबर सापडतं. खडू मागितला की साठा संपलेला असतो. पट कमी म्हणून आजपासून इथली पोरं शेजारच्या गावच्या शाळेत जाणार होती. ती दप्तरं पाठीला लावून अंगणात उभी होती.

अधिकाऱ्यांनी दार ओढून घेतलं.

"थांबा वाईच," म्हणत बयाबाई फाटकातून आत आली. मागून तिचा लेक जोतीराम, खांद्यावर पहार घेऊन. तिची नात निशिगंधा पोरांच्या घोळक्यात होती, पण बयाबाई सरळ सरपंच विजयसिंहांपुढं जाऊन उभी राहिली.

"त्या शाळंची वाट उसातनं हाय, इज्या. दोन्ही अंगाला ऊस, मधनं ट्रॉल्यांची पळापळ. पोरगी एकटी धाडू व्हय तितनं? तुझी पोरं जात्यात पिवळ्या बसनं."

"सरकारचा निर्णय हाय, आक्का. माझ्या हातात काय न्हाय."

हातात काही नव्हतं म्हणे. रिकाम्या इमारतीत आपल्या दूधसंस्थेचं गोदाम करायचा ठराव त्यांनी मागच्याच ग्रामसभेत रेटून नेला होता. गाव तेव्हा माना खाली घालून बसलं होतं. मयताला मात्र सगळे हजर असतात, तसे आजही आले होते.

"मग माझ्या हातात हाय ते मी करतो," बयाबाई म्हणाली. "जोत्या, कवाड काढ."

"अहो आजी, ही शासकीय मालमत्ता आहे," अधिकारी म्हणाले.

बयाबाईनं दाराच्या खालच्या कोपऱ्याकडं बोट केलं. मांजराला जाता-येता यावं म्हणून तिथं फळीत गोल भोक पाडलेलं होतं.

"शाळंच्या दाराला मांजराची वाट कशाला आसंल, साहेब? सरकारनं मांजरं पाळलीती व्हय?"

पोरं हसली. अधिकारी वाकून भोक बघू लागले.

"शाळा बांधली तवा कुणी वासं दिलं, कुणी कौलं दिली. माझ्या बापाजवळ, आकारामाजवळ, द्यायला काय नव्हतं. त्यानं ऱ्हात्या घराचं कवाड काढून हितं बशिवलं. आमच्या दाराला वरीसभर गोणपाट. कुत्री आत शिरून भाकरी पळवायची. आन् मला शाळंत घाटलंच न्हाय. भावाला काखंत घिऊन ह्या भोकातनं बघत बसायचो मी." तिचा आवाज चिरकला, तशी ती आणखी मोठ्यानं बोलली. "माझ्या नातीनं बी भोकातनंच बघायचं व्हय? कवाड शाळंला दिलंतं. तुझ्या गोदामाला न्हाय."

"जोत्या, हात लावलास तर पोलीस बोलवीन," विजयसिंह ओरडले.

जोतीराम थबकला. बयाबाईनं त्याच्या हातातली पहार हिसकावून घेतली आणि दाराखाली घातली. दार जुनं, सागवानी. तिला ते काय ऐकतंय? तिनं पुन्हा जोर लावला. मग गर्दीतून धोंडुबाई पुढं आली. तिच्या सासऱ्यानं वासे दिले होते. तिनं पदर खोचला आणि पहारीला हात घातला. मागून आणखी दोघी आल्या. तेव्हा कुठं जोतीरामाला लाज वाटली आणि त्यानं खांदा दिला.

बिजागऱ्या करकरल्या आणि दार निघालं. चौघींनी ते भिंतीला टेकवून ठेवलं.

"शाळा भरंल त्या दिवशी परत बशिवतो," बयाबाई म्हणाली.

अधिकारी कुलूप हातात धरून मोकळ्या चौकटीपुढं उभे होते. बयाबाईनं निशिगंधाला दंडाला धरून आणलं आणि त्यांच्या देखत आत धाडलं.

"लावा की आता."