तांबडा दिवा

चाचणीसाठी ढिगाऱ्याखालच्या खड्ड्यात बसवलेला फिटर ओरडला, "बाई, आहे का मी अजून?"

सुमती बिडवेंच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. "आहेस रे बाबा!" त्या हसल्या. "काळीज धडधडतंय तुझं."

भूकंपात त्यांची आई ढिगाऱ्याखाली जिवंत होती आणि लोक भलतीकडेच उकरत राहिले. पुढे बाईंनी सगळं आयुष्य या यंत्रापायी वेचलं. किती उंबरे झिजवले, पण कुणी दाद दिली नाही. शेवटी तोफगोळ्यांच्या एका कारखान्याने त्यांना जवळ केलं.

कारखान्याचे साहेब खूश होते. "फक्त दिव्यांचे रंग तेवढे उलटे करायचेत, बाई. परदेशी गिऱ्हाईकाची मागणी आहे."

"उलटे? जिवंत माणसाला तांबडा?"

"त्यांचं सैन्य आधी घर पाडतं, मग यंत्र लावतं. तांबडा म्हणजे आत कुणीतरी उरलंय, आणखी एक गोळा टाका. हिरवा म्हणजे काम झालं, पुढे चला."

बाईंनी यंत्र स्वतःकडे ओढलं. "मग हे यंत्र मी देणार नाही."

"यंत्र कधीच आमच्या नावावर झालंय," साहेब मायेने म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी स्वतःच दोन तारांची अदलाबदल केली.

खड्ड्यातून पुन्हा आवाज आला, "बाई, झोप लागली की हो! आहे का मी?"

तांबडा दिवा लख्ख पेटला. बाईंनी तो तळहाताने झाकला. शेवटी साहेबच वाकून, हसत ओरडले, "आहेस! अजून आहेस!"