टेबलाच्या पायावरची खाच

टीव्हीवर दोन डॉक्टर हमरीतुमरीवर आले होते. ऑटिझमची मुलं खरंच वाढली, की आता कळायला लागली? कापडावर खडूने रेघ मारत माझे शिंपी सासरे म्हणाले, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. सगळी मुलं धडधाकट." मी लेकीच्या तपासणीचा फॉर्म भरत होते. 'घराण्यात आणखी कुणाला?' या प्रश्नापुढे त्यांच्याच सांगण्यावरून 'नाही' लिहिलं होतं. लेक नेहमीसारखी खाली बसून टेबलाच्या पायावरच्या गुळगुळीत खाचेतून बोट फिरवत होती. लग्न होऊन आल्यापासून ती खाच पाहत होते, विचारलं कधीच नव्हतं. "बाबा, ही खाच कशाची हो?" "दोरीची." "इथं शेळी बांधायचात का?" खडू थांबला. त्यांनी वाकून नातीकडे पाहिलं. "धाकट्या भावाला. तो बोलायचा नाही, दार उघडं दिसलं की पळायचा. आई कामाला जायची. गाठ मीच मारायचो."