बोटभर खिडकी

"शेगडी आत घेतलीस तर खिडकी बोटभर उघडी ठेव गं. लय कोंडू नको खोली."

"ओके, आई."

"ओके-बिके नको. ठेवशील का नाय?"

"ओके म्हटलं ना!"

सिंधुबाई पुटपुटत सायखेड्याच्या बसला गेल्या. पुतणीचा साखरपुडा होता, संध्याकाळी परत येणार होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला आल्यापासून त्या पहिल्यांदाच बाहेर पडत होत्या. हर्षालीने त्यांच्यामागे फ्लॅटचं दार लावलं. मग बेडरूमची खिडकी लावली. निफाडकडून येणारा वारा सकाळपासून काचेशी झोंबत होता. पाळण्यातल्या पोरीचं अजून बारसंसुद्धा झालं नव्हतं. बिननावाच्या एवढ्याशा जिवाला सर्दी होऊ द्यायची नाही, एवढंच हर्षालीला कळत होतं. तिने जुनी ओढणी घडी करून बेडरूमच्या दाराखालच्या फटीतही सारली.

आई रोज करायची तसे तिने बाल्कनीत निखारे फुलवून आणले होते. त्यांवर ओवा टाकला, पोरीला धुरी दिली. शेगडी लगेच बाहेर न्यायची असते. पण निखारे इतके सुंदर दिसत होते, आणि खोली कशी छान उबदार झाली होती. राहू दे थोडा वेळ.

पोरगी शांत झाली. एवढी शांत ती कधीच नसायची. हर्षाली तिला कुशीत घेऊन भिंतीला टेकली. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. ओव्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. खोली होडीसारखी हलकेच डुलायला लागली.

फोन थरथरला. शेखर. अंबडच्या कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत तो रोजच मेसेज करायचा. तिने उत्तर दिलं आणि डोळे मिटले.

आईचं ते ओके-बिके आठवून तिला हसू आलं. किती ठिकाणी भेटला होता हा शब्द. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर तिच्या प्रत्येक उत्तरावर ओके म्हणत होते. पास की नापास, शेवटपर्यंत कळलं नाही. बघायला आलेल्या शेखरने सगळ्यांच्या देखत एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला ओके आहे ना?" सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत मॅडम "बेबी ओके" म्हणाल्या, तेव्हा ती हमसून रडली होती. नवऱ्याशी भांडण मिटलं की ओके. मिटलं नाही, पण बोलायचा कंटाळा आला, तरी ओके. तिचे वडील, अण्णा, फोन ठेवताना म्हणायचे, "ओक्के, ओक्के," ट्रक मागे घेताना ओरडणाऱ्या क्लीनरसारखं. एकटा शेखरच या शब्दाबाबत कंजूष. यंत्रावरून उतरलेल्या प्रत्येक जॉबला, म्हणजे तयार सुट्या भागाला, गेज लावून माप बघायचं, मगच त्यावर ओकेचा टॅग बांधायचा, हे त्याचं काम. "आमच्याकडे ओके फुकट मिळत नाही," तो ऐटीत सांगायचा.

फोन पुन्हा थरथरला, मग आणखी एकदा. किती काळजी करतो हा. तिने त्याला सगळं सविस्तर सांगितलं. डोकं जड झालंय. उठावंसं वाटतंय, पण पाय माझे नाहीतच जसे. पोरीला हाक मारली तर ती डोळे उघडत नाहीये. खिडकी फार लांब गेली आहे रे. लवकर ये.

सांगून झाल्यावर तिला बरं वाटलं. ऊन हळूहळू निळं झालं. कुठून तरी नदीचा आवाज येत होता.

मग कुणीतरी त्या नदीला धक्के द्यायला लागलं.

"हर्षाली! अगं, काय अडकवलंयस दाराला? हर्षाली!"

शेजारच्या श्यामलाकाकू. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. ओढणी सरकली, दार ढकललं गेलं. काकूंनी आधी पोरीला उचलून बाहेर नेलं, मग धावत येऊन खिडकी सताड उघडली. गार वारा थोबाडीत बसावी तसा आला. हर्षालीला उलटी झाली. बाहेरच्या खोलीत काकू ओरडत होत्या, "रड ना गं बाई, रड!"

किती वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पोरगी रडली.

संध्याकाळी दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर म्हणाले, "आता ओके आहेत दोघी."

"कशावरून?" शेखरने विचारलं. त्याच्या पायात अजून कंपनीचेच बूट होते. डॉक्टर जरा हसले आणि त्यांनी रिपोर्टमधले आकडे एकेक करून त्याला समजावले. तेव्हा कुठे तो स्टुलावर बसला.

कोपऱ्यात सिंधुबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

हर्षालीने तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला. "बरं झालं तू लगेच काकूंना फोन केलास. मी सगळं सांगितलं म्हणून कळलं ना तुला? पोरगी उठत नाहीये, लवकर ये म्हणून?"

शेखरने फोन तिच्यासमोर धरला.

काय करताय दोघी?
ओके.
पोरगी झोपली का?
ओके.
जेवायला काय केलंस?
ओके.

"जेवायला काय केलंस, तर ओके," शेखर म्हणाला. "असा जॉब मी पास करत नाही, हर्षा."

आज तुमच्याही फोनवर कुणाचा तरी ओके येऊन पडला असेल. बाहेर थंडी आहे. एवढं वाचून झालं की जरा जाऊन बघून या, त्यांची खिडकी उघडी आहे का.